संगीतकार सी. रामचंद्र

मुंबईहून गोव्याकडे निघालेला रस्ता पनवेल मागे टाकतो आणि थोड्याच वेळात कर्नाळ्याच्या रानात शिरतो. वर डोंगरमाथ्यावर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका उभा असतो आणि खाली दाट झाडीत पाखरांचा किलबिलाट चाललेला असतो. या रानात भृंगराज नावाचा एक काळाभोर पक्षी राहतो. त्याच्या शेपटीतून दोन बारीक काड्या लोंबत असतात व त्यांच्या टोकांशी पिसांचे पानासारखे झुपके असतात. परंतु त्याचा खरा विशेष त्याच्या गळ्यात आहे. रानातील इतर पाखरांचे आवाज तो सहज उचलतो आणि त्यांत आपली स्वतःची शीळ गुंफून एक निराळेच गाणे गातो. ऐकणाराला प्रश्न पडतो, की याला नकलाकार म्हणावे की गवई म्हणावे?

नेमका हाच प्रश्न महाराष्ट्रातील एका नामवंत संगीतकाराविषयी त्यांच्या हयातीत पुनःपुन्हा विचारला गेला. अमेरिकेतील जॅझ नावाचे संगीत त्यांनी हिंदी चित्रपटगीतांत मिसळले आणि ती गीते खेडोपाडी लोकांच्या ओठांवर नेऊन ठेवली. कोणी त्यांना डोक्यावर घेतले, तर कोणी त्यांना आपल्या संगीताचे शत्रू मानले. त्यांचे नाव रामचंद्र नरहर चितळकर. चित्रपटसृष्टी त्यांना सी. रामचंद्र म्हणून ओळखते.

गोदावरीच्या काठी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात पुणतांबे हे गाव आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे ते प्रसिद्ध आहे. या गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्रांचा जन्म झाला. शाळेतील पुस्तकांपेक्षा त्यांचा ओढा गाण्याकडे अधिक होता. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्यापाशी व पुढे पुण्यास गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांपाशी त्यांनी शास्त्रीय संगीताचे धडे घेतले. त्यांच्या संगीताचा पाया घातला गेला तो तानपुऱ्याच्या साथीत आणि रागदारीच्या शिस्तीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे त्यांच्यावर जे आक्षेप आले ते घेणारांना बहुधा तिचा विसर पडला होता.

तरुण रामचंद्रांना मात्र नट व्हायचे होते. १९३५ साली ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली. परंतु तो चित्रपट चालला नाही आणि त्याबरोबर नायकपदही संपले. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोन या संस्थेत त्यांनी बारीकसारीक भूमिका केल्या. तेथेच बुंदू खाँ व हबीब खाँ या संगीतकारांच्या हाताखाली ते पेटी वाजवू लागले. पडद्यावर मिळाले नाही ते स्थान त्यांना पडद्यामागे या पेटीने मिळवून दिले.

आता ही पेटी तरी मूळची कोठली? हार्मोनियम हे वाद्य युरोपातून आपल्याकडे आले. तिकडे ते खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून वाजवीत. आपल्या लोकांनी त्याचे पाय काढले, भाता मागे आणला आणि त्याला बैठकीत मांडी घालून बसविले. भजनी मंडळापासून संगीत नाटकापर्यंत ते सर्वत्र रुळले. तरीही १९४० सालापासून पुढे अनेक वर्षे आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. तिच्या पट्ट्या ठरावीक स्वरांना बांधलेल्या. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही आणि दोन पट्ट्यांमधील सूक्ष्म श्रुती तिला दाखविता येत नाही, असा तिच्यावर ठपका होता. तो खोटाही नव्हता. ज्या वाद्याला बाहेरचे म्हणून दाराबाहेर ठेवले गेले, तेच हाताशी घेऊन रामचंद्र चाली बांधायला शिकले.

त्याच सुमारास मुंबईत आणखी एक पाहुणा येऊन राहिला होता. अमेरिकेच्या दक्षिण भागात न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदर आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून नेलेल्या लोकांचे वंशज तेथे राहत. त्यांची कष्टाची गाणी, चर्चमधील स्तोत्रे, आफ्रिकेतील ताल आणि गोऱ्या लोकांच्या बँडमधील पितळी वाद्ये यांच्या मिलाफातून तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी जॅझचा जन्म झाला. या संगीतात चाल ठरलेली असते, परंतु वादक ती जशीच्या तशी वाजवीत नाही. आपला गवई जसा बंदिशीची स्थायी मांडून पुढे आपल्या बुद्धीने राग विस्तारतो, तसा जॅझचा वादक त्या चालीचा ऐनवेळी विस्तार करतो. त्यातील लयीचीही एक गंमत आहे. मुलांनो, एक, दोन, तीन, चार असे सारख्या वेगाने मोजा व एक आणि तीन या आकड्यांवर टाळी द्या. हा शिपायांच्या कवायतीचा ठेका झाला. आता तसेच मोजत राहून टाळी फक्त दोन आणि चार यांवर द्या. पाय आपोआप हलू लागले, तर जॅझचा जीव कशात आहे ते तुम्हांला समजले.

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक तेथे वाजवू लागले. ते शिकागोतील नामांकित वादक; १९२६ साली अमेरिका सोडून ते आशियात आले व कायमचे इकडचेच झाले. त्यांचा डावा हात खालचे स्वर आणि मधले स्वर यांत झेपा घेत मृदंगासारखा ठेका धरी आणि उजवा हात त्यावर मोकळा नाचे. १९४५ साली कलकत्त्यास पटकीने त्यांचा अंत झाला. परंतु तोवर त्यांच्यासारख्यांचे वादन ऐकून आणि त्यांच्या संचांत बसून आपल्याकडच्या वादकांची एक पिढी तयार झाली होती.

हे वादक मुख्यतः गोमंतकीय होते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाच रेघांवर लिहिलेले पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवीत. व्हायोलिन, ट्रंपेट, क्लॅरिनेट अशी वाद्ये तेथे लहानपणीच हाती येत. पोटापाण्यासाठी ही मुले आगबोटीने वा आगगाडीने मुंबईस येत आणि हॉटेलांतून वाद्ये वाजवीत. हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीच एक. ते ट्रंपेट वाजवीत आणि थोर जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग यांचा आदर्श त्यांनी इतका आपलासा केला होता, की लोक त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. सारी मुंबई त्यांना चिक चॉकलेट या गमतीदार नावाने ओळखी. देश स्वतंत्र झाला, गोरे साहेब मायदेशी परतले, मागोमाग मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि रात्रीच्या नाचगाण्यांच्या जागा ओस पडू लागल्या. त्या वेळी या वादकांना चित्रपटांनी आधार दिला. गरज दोन्ही बाजूंना होती. चित्रपटांनाही नवा नाद हवा होता.

इकडे रामचंद्रांना मास्टर भगवान हा जिवलग मित्र भेटला होता. भगवान हे गिरणी कामगाराचे चिरंजीव. स्वस्तातले मारामारीचे चित्रपट काढून ते आपला जम बसवीत होते. संगीत दिग्दर्शक म्हणून रामचंद्रांनी पहिले काम केले ते तमिळ चित्रपटांसाठी. मराठी माणसाने तमिळ गाण्यांना चाली लावून आरंभ करावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. १९४२ साली भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ या चित्रपटाने ते हिंदीत आले आणि १९४७ सालच्या ‘शहनाई’ने त्यांचे नाव देशभर झाले. चित्रपटाचे नाव सनईचे. पण त्यातील एका गीतात गिटार, सॅक्सोफोन व तोंडाने वाजविण्याचा बाजा होता आणि चक्क शीळही होती. त्याआधीच्या चित्रपटगीतांत असा खट्याळपणा क्वचितच ऐकू येई.

त्यांची कामाची रीत अशी होती. ते पेटी पुढे ओढून स्वतः गात गात चाल बांधीत. त्यांच्यापाशी बसलेला गोमंतकीय साहाय्यक ती ऐकता ऐकता पाच रेघांवर उतरवून घेई आणि कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवायचे, याचे कागद तयार करी. ध्वनिमुद्रणाच्या वेळी व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजविणारे ते कागद समोर ठेवून बसत; तबला, ढोलक, सारंगी वाजविणारे सारे कानांनी ऐकून मनात साठवीत. एकाला रागांची नावे ठाऊक नसत, तर दुसऱ्याला कागदावरची ती काळी टिंबे निरर्थक वाटत. या दोघांना एकाच क्षणी समेवर आणणे हे संगीत दिग्दर्शकाचे काम. त्या काळी ध्वनिग्राहक यंत्रे मोजकी असत. गायिका जवळ उभी राही आणि ट्रंपेटवाल्याला त्याच्या बुलंद आवाजामुळे दूर बसवीत. शेवटच्या ओळीत एकाची चूक झाली, तरी सर्वांना पहिल्यापासून पुन्हा आरंभ करावा लागे.

१९५१ साली ‘अलबेला’ हा चित्रपट आला. भगवान यांनी तो स्वतः काढला होता व नायकही तेच होते. हा अंगाने स्थूल, दिसण्यात साधा माणूस पडद्यावर हलकेच झुलत नाचू लागला आणि प्रेक्षक त्याच्याबरोबर डोलू लागले. चित्रपटातील पुरुषाची बहुतेक गाणी रामचंद्रांनी चितळकर या नावाने स्वतःच गायिली आणि त्यांच्याबरोबर लता मंगेशकर गायिल्या. चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह या चित्रपटात प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी सारी मंडळी त्या गाण्यांत आहे. परंतु कान देऊन ऐकले असता एक गोष्ट लक्षात येते. वाद्ये परकी, ठेका परका. पण गळ्यातून निघणारी चाल मात्र आपल्या मातीतली, सहज गुणगुणता येणारी. आणि त्याच चित्रपटात पिलू रागाच्या छायेतील एक अंगाईगीतही आहे, इतके शांत की ट्रंपेटच्या त्या गजबजाटाशी त्याचा संबंध आहे हे सांगूनही पटू नये.

अशा यशाबरोबर टीकाही आली. परदेशी नाचगाण्यांच्या ठेक्यांनी तरुणांची अभिरुची बिघडत आहे, असे जाणत्या लोकांना प्रामाणिकपणे वाटत होते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची गाढ श्रद्धा होती. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ दिसेनाशी झाली. लोकांनी मग आपले रेडिओ सिलोनकडे वळविले आणि अखेर १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती हा निराळा कार्यक्रम सुरू करावा लागला.

रामचंद्रांची प्रत्येक चाल स्वतंत्र होती, असे मात्र म्हणता येणार नाही. १९५० सालच्या ‘समाधी’ या चित्रपटातील त्यांचे एक लोकप्रिय गीत एका परदेशी गाण्यावरून सरळ उचललेले आहे, आणि अशी उदाहरणे आणखीही दाखविता येतील. त्या ठिकाणी टीकाकारांचा आक्षेप मान्य केला पाहिजे. जेथे त्यांनी नुसता ठेका घेतला आणि चाल आपली घातली, तेथेच त्यांची खरी करामत दिसते.

येथे एका समकालीन कलावंताची आठवण येते. रामचंद्रांपेक्षा अवघ्या तीन महिन्यांनी मोठे असलेले थेलोनियस माँक हे अमेरिकन पियानोवादक १० ऑक्टोबर १९१७ रोजी जन्मले. जॅझमध्ये कोमल गंधार व शुद्ध गंधार यांच्या मधोमध रेंगाळणारा एक व्याकूळ स्वर आहे. गळ्यातून तो निघतो. पियानोतून निघत नाही, कारण पियानोच्याही पट्ट्या पेटीसारख्याच बांधलेल्या. माँक तेव्हा शेजारच्या दोन पट्ट्या एकदमच दाबीत. त्या दोन स्वरांच्या घर्षणातून जणू तो न सापडणारा मधला स्वर ऐकू येई. बोटे वाकवून वाजवावे, हा पियानोचा शिरस्ता सोडून ते बोटे सपाट ठेवीत. मध्येच हात उचलून घेत आणि त्या शांततेलाही गाण्याचा भाग करून टाकीत. कधी तर साथीदार वाजवीत असता पियानोपासून उठून नाचू लागत. प्रथम लोकांनी ठरविले, की या माणसाला वाजविताच येत नाही. त्यांच्या वादनातील विचार ओळखला जायला बरीच वर्षे लागली. रामचंद्र आणि माँक एकमेकांना भेटल्याची नोंद नाही, त्यांच्या मार्गांतही पुष्कळ अंतर होते. पण पट्ट्यांच्या वाद्यापुढे बसून रूढ चौकटीत न मावणारे काही शोधणारे हे दोघे एकाच वयाचे होते.

१९५७ साली ‘आशा’ या चित्रपटासाठी एक धमाल गाणे हवे होते. त्याची हकिकत अशी सांगतात, की रामचंद्रांच्या खोलीबाहेर मुले खेळत होती आणि डाव कोणावर येतो हे ठरविण्यासाठी एक अर्थहीन इंग्रजी गाणे म्हणत होती. तेच शब्द थोडे मोडून रामचंद्रांनी चालीवर धरले. त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात मला नको अशा अर्थाचे कोंकणी शब्द जोडले आणि हसत हसत गाण्याचा मुखडा तयार झाला. किशोरकुमारांनी ते गायिले. आशा भोसले यांच्या आवाजातही ते त्या चित्रपटात आहे. जॅझचे गायकही असेच शब्दांना रजा देऊन नुसत्या अक्षरांशी खेळतात, आणि आपल्या तराण्यात तरी दुसरे काय असते?

याच वर्षांत रामचंद्रांनी आपल्या टीकाकारांना निरुत्तर करणारे दुसरेही काम केले. १९५३ सालच्या ‘अनारकली’त भीमपलास व बागेश्री या रागांवर आधारलेली गीते आहेत. ती ऐकून हाच तो ट्रंपेटवाला संगीतकार, हे ओळखूही येत नाही. १९५५ साली ‘आझाद’ या चित्रपटाची गाणी निर्मात्यांना फार थोड्या अवधीत हवी होती. रामचंद्रांनी ते आव्हान स्वीकारले व काही दिवसांत गाणी उभी केली. घाईचा मागमूस त्यांत नाही. १९५९ साली व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’ला त्यांनी संगीत दिले, तेव्हा तर त्यांनी होळीचे रंग आणि घुंगरांचा नाद यांचाच आधार घेतला.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गंभीर प्रसंग १९६३ साली आला. आदल्या वर्षी चीनने केलेल्या आक्रमणात आपले अनेक जवान बर्फाच्छादित सीमेवर धारातीर्थी पडले होते आणि सारा देश खिन्न झाला होता. कवी प्रदीप यांनी त्या जवानांवर गीत रचले व रामचंद्रांनी त्याला चाल दिली. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत हजारो लोकांसमोर लता मंगेशकरांनी ते गायिले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू समोर बसले होते; त्यांचे डोळे पाणावले. या गीतात उसळता ठेका नाही, चमत्कृती नाही. ज्यांच्यावर उथळपणाचा आरोप झाला, त्यांच्याच चालीने शहिदांसाठी सारा देश रडला.

त्यानंतर मात्र हिंदी चित्रपटांतील त्यांचे काम ओसरत गेले. चित्रपटसृष्टीत नवी माणसे आली, नवी वाद्ये आली. ज्या पाश्चात्त्य ठेक्यांसाठी त्यांना दोष मिळाला, तेच ठेके आता सर्रास वापरले जाऊ लागले. रामचंद्र मराठीकडे वळले. ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी चाली दिल्या. १९७० च्या सुमारास आलेल्या ‘घरकुल’मधील आई, बाबा आणि त्यांचे लाडके मूल यांचे गाणे तर मराठी घराघरांतून ऐकू येऊ लागले. त्याचीही चाल परदेशी गाण्यावर बेतलेली आहे, हे मात्र ते म्हणणाऱ्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. ‘माझ्या जीवनाची सरगम’ या नावाने त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले.

चिक चॉकलेट १९६७ सालीच निवर्तले होते. ५ जानेवारी १९८२ रोजी रामचंद्रांनी मुंबईत देह ठेवला आणि त्यानंतर त्रेचाळीस दिवसांनी, १७ फेब्रुवारी रोजी, सातासमुद्रांपलीकडे माँकही गेले.

पनवेल-पेणच्या बाजूस लग्नसराईत वरात निघते, तेव्हा पुढे बँड चालतो. झगमगीत डगले घातलेल्या त्या वादकांपैकी अनेकांना पाच रेघांचे स्वरलेखन येत नाही. बापाचे ऐकून मुलगा शिकलेला असतो. वरात मांडवाशी येते, ट्रंपेटवाला गाल फुगवून ‘अलबेला’ची चाल सुरू करतो, ढोलवाला ती उचलतो, आणि नवऱ्या मुलाचे आजोबा काठी बाजूला ठेवून भगवानांसारखे हलकेच झुलू लागतात.